लाल खरा एप्रिलमध्ये कळतो

जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं आणि परतणाऱ्यांच्या हातात काळ्या पिशवीतली रोपं दिसतात. त्यांत एक हमखास असतं: गडद लाल मिनिएचर गुलाब. वीत-दीड वीत झुडूप, त्यावर करवंदाएवढ्या कळ्या. उमललं की दहाच्या नाण्याहून थोडं मोठं, मखमली, जवळजवळ काळपट लाल फूल. घरी आणून गॅलरीत ठेवलं की महिनाभर त्याचं कौतुक चालतं. मग मार्च सरतो आणि त्याच फांदीवर विटकं, जांभळट, कडेला करपलेलं फूल येतं. दर उन्हाळ्यात मला दोन-तीन फोन ठरलेले. "अहो, नर्सरीवाल्यानं फसवलं, रंगच बदलला!"

बहुतेक वेळा नर्सरीवाल्यानं काही केलेलं नसतं. थंडीत कुठलाही लाल गुलाब गडदच दिसतो. रोप घ्यायचं असो, सांभाळायचं असो की स्वतः संकर करून नवं काढायचं असो, गडद लाल मिनिएचरची पारख एप्रिलच्या उन्हात होते. माझी पहिली पाच-सहा वर्षं हे न कळल्यामुळे वाया गेली.

आधी रंगाचंच बोलू. लाल गुलाबातलं मुख्य रंगद्रव्य सायनिन. आपल्या कोकमाचा लालही याच घराण्यातला. पांढऱ्या शर्टावर कोकमाचा डाग पडला आणि साबण लावला की तो निळसर-काळा होतो, हे घरात धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. गुलाबाच्या पाकळीत हेच सावकाश घडतं. फूल जुनं होतं तसा पेशीतल्या रसाचा आंबटपणा कमी होतो आणि लाल रंग जांभळ्याकडे झुकतो. शेंदरी-नारिंगी लालाचं रंगद्रव्य वेगळं, त्याला पेलार्गोनिडिन म्हणतात. ते जांभळं पडत नाही, पण काळपटही होत नाही. गडद लालाला सायनिनच भरपूर लागतं.

नुसत्या रंगद्रव्यानंही भागत नाही. भिंगातून पाकळीची वरची बाजू पाहा. तिथल्या पेशी बारीक शंकूंसारख्या उभ्या असतात. त्यांच्या सांदीत उजेड अडकतो, म्हणून पाकळी मखमलीसारखी दिसते. ज्या वाणात हे शंकू उंच, तो जास्त काळा भासतो. पाकळीची खालची बाजू मात्र साधी, मळकट लाल असते. उष्णता वाढली की रोप रंगद्रव्य कमी तयार करतं, फूल घाईनं उमलतं आणि पाकळ्याही कमी भरतात. वर गडद पाकळी ऊन अधिक शोषते, त्यामुळे तिच्या कडा आधी करपतात. काळ्या रंगाच्या गाडीवर दुपारी हात ठेवून पाहिलात तर पाकळीचं दुःख कळेल.

म्हणून रोप विकत घेताना झुडपावरचं ताजं फूल पाहू नका, सगळ्यात जुनं पाहा. नर्सरीवाला पुढे करेल ती आजची कळी. तुम्ही मागच्या बाजूला चार-पाच दिवसांचं, गळायला आलेलं फूल शोधा. ते अजून लाल असेल आणि कडा शाबूत असतील तर रोप उचला. जांभळं पडलं असेल तर उन्हाळ्यात काय होणार ते तुमच्या समोरच आहे.

खरं मिनिएचर ओळखायला पानं पाहावीत. या गुलाबात सगळंच प्रमाणात लहान असतं: पर्णिका, दोन पानांमधलं अंतर, काटे, कळीचा देठ. पर्णिका मेथीच्या पानाएवढ्या असाव्यात. लहान कुंडीत कोंबलेलं फ्लोरिबंडाचं, म्हणजे झुबक्यानं फुलणाऱ्या मोठ्या गुलाबाचं, रोपही 'मिनी' म्हणून खपवलं जातं. त्याची कळी लहान दिसते, पण पान तळहातभर असतं आणि पहिल्या पावसात त्याला कमरेएवढे फुटवे येतात. बुंधाही तपासा. मिनिएचर बहुतेक फांदी लावून, स्वतःच्याच मुळांवर वाढवलेली असतात. बुंध्याशी डोळा भरल्याची गाठ दिसली तर रोप वाईट असं नाही, पण गाठीखालून येणारा जंगली फुटवा दिसेल तेव्हा मुळाशी उपटावा लागेल. वासाची फार अपेक्षा नको. या रंगाच्या मिनिएचरमध्ये वास असला तरी नाक खुपसल्यावर जेमतेम येतो. मला त्याचं वाईट वाटतं.

आता कुंडी कुठे ठेवायची ते. हा गुलाब लहान आहे म्हणून टीपॉयवर ठेवायचा नाही. घरात तो तीन आठवड्यांत पानं टाकतो. त्याला पाच-सहा तास ऊन हवंच. पण गडद लालासाठी ते सकाळचं हवं. पूर्वेची गॅलरी मिळाली तर उत्तम. पश्चिमेची असेल तर मार्चपासून दुपारी एकनंतर सावली करा, हिरवी जाळी किंवा शेजारी ठेवलेली जास्वंदीची मोठी कुंडीसुद्धा चालते. विदर्भात ही सावली फेब्रुवारीच्या अखेरीसच लागेल. कोकणात उन्हापेक्षा दमट हवेचा त्रास जास्त. तिथे कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा आणि पाणी सकाळीच, पानांवर न उडवता द्या. नाहीतर पावसाळ्यात काळे ठिपके पडून झाड उघडं होतं.

कुंडी आठ ते दहा इंची, शक्यतो मातीची. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू एप्रिलमध्ये इतकी तापते की तिथली मुळं मरतात आणि आपण खत कमी पडलं असं समजून आणखी खत घालतो. माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. बोअरचं पाणी जड असेल तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा पावसाचं पाणी साठवून द्या किंवा चिलेटेड लोह फवारा. नत्राचा मारा टाळा. भसाभस वाढलेल्या फांदीवर फुलं फिकी येतात आणि भुरीही आधी तिथेच बसते. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी होतो. त्याला औषधापेक्षा सकाळी पानांच्या खालून मारलेला पाण्याचा जोरदार फवारा जास्त झोंबतो.

छाटणी पाऊस ओसरल्यावर, दसरा ते कोजागरीच्या दरम्यान. मिनिएचरला मोठ्या गुलाबासारखं डोळे मोजत बसायची गरज नाही. झुडूप निम्म्यावर आणा, आतल्या काडीएवढ्या वाळक्या फांद्या काढा, संपलं. छाटणीपासून सुमारे सहा आठवड्यांत फुलं येतात. प्रदर्शनात कुंडी मांडायची असेल तर तारखेपासून उलटे सहा आठवडे मोजा.

एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. पण काहींच्या मनात पुढचा किडा असतोच, आपला स्वतःचा एखादा वाण का काढू नये? जरूर काढावा. गच्चीवर, दहा-बारा कुंड्यांत, विशेष खर्च न करता होणारं हे काम आहे. त्यासाठी या गुलाबांचा वंश थोडा माहीत असलेला बरा.

आजच्या मिनिएचरचा पसारा स्वित्झर्लंडमधल्या एका खिडकीपासून वाढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्विस सैन्यातले एक अधिकारी, रूले, यांना मोबोर्जे नावाच्या डोंगरी गावात खिडकीतल्या कुंडीत इवलंसं गुलाबाचं झुडूप दिसलं. त्यांनी ते जिनिव्हाचे वनस्पतितज्ज्ञ आंरी कोरव्हाँ यांच्या कानावर घातलं. रोप आणायला जावं तर गाव आगीत जळालेलं. शेवटी शेजारच्या ओनां गावातून ते मिळालं. कोरव्हाँ यांनी त्याला 'रोझा रूलेटी' हे नाव दिलं. मुळात ते चिनी गुलाबाचंच बुटकं रूप. त्याचं फूल गुलाबी, लाल नव्हे.

लाल रंग आणला हॉलंडमधल्या बोस्कोपच्या यान दे व्हिंक या रोपवाटिकाकारानं. त्यानं रूलेटीचा संकर 'ग्लोरिया मुंडी' या शेंदरी पॉलिअँथा गुलाबाशी केला. निघालेल्या गडद लाल, मध्यभागी पांढऱ्या फुलाला त्यानं 'पिऑन' म्हटलं. अमेरिकेत रॉबर्ट पाइल यांनी ते १९३६ मध्ये 'टॉम थंब' या नावानं बाजारात आणलं. बरं झालं, 'पिऑन' ऐकून आपल्याला कचेरीतला शिपाईच आठवला असता. आई गुलाबी, बाप शेंदरी आणि पोर गडद लाल, हे लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या व्हायसेलियाचे राल्फ मूर (१९०७ ते २००९) यांनी पुढे आयुष्यभर मिनिएचरवरच काम केलं आणि शेकडो वाण दिले. त्यांची एक पद्धत आपल्यालाही उपयोगी आहे. ते बऱ्याचदा मोठं, चांगली फळं धरणारं झुडूप आई म्हणून घेत आणि पराग मिनिएचरचा वापरत, कारण मिनिएचरच्या फळात बिया फार थोड्या असतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'ब्लॅक जेड'च्या वंशावळीनं. गडद लाल मिनिएचर म्हटलं की जाणकार आजही याच वाणाचं नाव काढतात. अमेरिकेतल्या फ्रँक बेनार्डेला यांनी काढलेला हा वाण १९८५ मध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकन रोझ सोसायटीचा मिनिएचरसाठीचा उत्कृष्टता पुरस्कार त्याला मिळाला. फूल साधारण चार सेंटिमीटरचं, घाट हायब्रिड टीसारखा, म्हणजे दांड्यावर एकेकटं मोठं फूल देणाऱ्या गुलाबासारखा, टोकदार, कळी तर काळीच. त्याची आई 'शेरी ॲन' हा मूर यांचा १९७३ चा मिनिएचर आणि बाप 'लगुना' हा जर्मनीच्या कोर्डेस यांचा हायब्रिड टी. 'शेरी ॲन' नारिंगी-लाल आहे! काळपट गुलाबासाठी काळपटच आई हवी असं नाही. दोन गडद लालांचा संकर करणं ही नवशिक्याची पहिली खोड. मीही तेच केलं होतं. निघालेली रोपं गडद होती खरी, पण किडकिडीत, भुरीनं पांढरी झालेली, उन्हात पोळणारी. रंग एका बाजूनं घ्यावा आणि दुसऱ्या बाजूनं तब्येत घ्यावी.

अनुवंशाचे दोन नियम इथे आपल्या बाजूनं आहेत. मिनिएचरचा बुटकेपणा प्रभावी गुण आहे, म्हणजे मोठ्या गुलाबाशी संकर केला तरी संततीत बुटकी रोपं निघतात. पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण मात्र अप्रभावी, तो दोन्हीकडून यावा लागतो. म्हणून दोन्ही पालक वर्षभर फुलणारेच निवडा. एक नियम विरुद्ध जातो. मूळ चिनी गुलाबात गुणसूत्रं १४, आजच्या हायब्रिड टी आणि बहुतेक फ्लोरिबंडांत २८. या दोन प्रकारांच्या संकरातून २१ गुणसूत्रांचं रोप येतं. फुलतं छान, पण फळ धरताना रुसतं. अनेक मिनिएचर अशी आहेत. तुमच्या मिनिएचरचा पराग लागत नसेल तर हात वाईट म्हणून कपाळ बडवू नका, दुसरं झुडूप घ्या.

आई कोणती घ्यावी हे झुडूपच सांगतं. नोव्हेंबरमध्ये एकदा सुकलेली फुलं तोडायचं थांबवा. महिन्याभरात ज्या झुडपांवर हिरव्या बोरांसारखी फळं टरारतात ती आई होण्याजोगी. माझ्याकडे बिननावाचा एक शेंदरी फ्लोरिबंडा आहे, कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून घेतलेला. पानं जाड, पावसातही ठिपका नाही, आणि फळं इतकी की तोडून कंटाळा यावा. माझ्या सगळ्या बऱ्या रोपांची आई तीच.

संकर नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या आत उरका. फळ पिकायला साडेतीन-चार महिने लागतात. जानेवारीच्या अखेरीस धरलेलं फळ मेच्या उन्हात सापडतं आणि अर्धं कच्चं सुकतं. उत्तर भारतातल्या किंवा परदेशी पुस्तकातलं वेळापत्रक इथे चालत नाही. आपल्याकडच्या गुलाबप्रेमींसाठी गव्हाचे संशोधक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला आणि स्वतः गुलाबाचे अनेक वाणही काढले. त्यांचं काम दिल्लीतलं. दिल्लीचा हिवाळा आपल्याकडे नाही, हे ध्यानात ठेवूनच त्यांचं बोट धरावं.

आता प्रत्यक्ष कृती. आईच्या झुडपावरची अशी कळी निवडा जी उद्या सकाळी उमलेल: हिरवी निदलं मागे वळलेली, पाकळ्यांचं टोक सैल झालेलं, पण मध्य अजून बंद. पूर्ण उमललेलं फूल नको, त्यात मधमाशीनं किंवा फुलानं स्वतःच काम उरकलेलं असतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास बसा. कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा आणि पाकळ्या एकेक करून खाली ओढून काढा. पाकळीचा तळ राहिला तर तिथे बुरशी येते, म्हणून मुळापासून काढा. पाकळ्या गेल्या की मध्ये फिकट हिरव्या-पिवळ्या तंतूंचा झुबका दिसतो, तो स्त्रीकेसरांचा. त्याच्याभोवती गोल रिंगण करून उभे असतात ते पुंकेसर, प्रत्येकाच्या टोकावर मोहरीच्या डाळीसारखी पिवळी पिशवी. भुवया कोरायच्या चिमट्यानं हे सगळे पुंकेसर खुडायचे. मोठ्या फुलात शंभरावर असतात, मिनिएचरमध्ये कमी, पण तिथे चिमट्याचं टोकच जाड वाटू लागतं. एकही राहता कामा नये. मी चष्म्यावर आणखी घड्याळजीचं भिंग चढवतो. घरच्यांनी हसून घेतलं आहे.

खुडलेले पुंकेसर टाकू नका, ते दुसऱ्या संकराला पराग म्हणून येतात. बापाच्या फुलातलेही असेच काढा आणि साध्या कागदावर पंख्यापासून दूर रात्रभर पसरा. सकाळी पिशव्या फुटून कागदावर हळदीसारखी पूड दिसते. ती होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरा, बाटलीवर नाव आणि तारीख चिकटवा. फ्रिजमध्ये आठवडाभर तरी ती कामाची राहते. पूड दिसलीच नाही, पिशव्या सुकून नुसत्या तपकिरी झाल्या, तर तो बाप कामाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आईच्या फुलाचा झुबका पाहा. टोकं ओलसर, चकचकीत झालेली दिसली की वेळ आली. करंगळीच्या टोकाला पराग लावून त्यावर हलकेच फिरवा. ब्रश मला आवडत नाही, त्यात आधीचा पराग अडकून राहतो. बोट धुता येतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लावा. पाकळ्या नसलेल्या फुलाकडे मधमाश्या सहसा फिरकत नाहीत, तरी दागिन्यांच्या दुकानात मिळते तशी जाळीची छोटी थैली बांधलेली बरी. ती पुढे फळाचंही रक्षण करते. माझ्या दुसऱ्या वर्षीची सगळी फळं खारीनं एका दुपारीत संपवली. कुंडीत कुरतडलेल्या सालींवर चिठ्ठ्या तेवढ्या नीट लटकत होत्या.

चिठ्ठीवर आई आधी, मग गुणिलेचं चिन्ह, मग बाप आणि तारीख. लिहा पेन्सिलीनं, ते पावसात धुपत नाही. पंधरा दिवसांत देठ पिवळा पडून गळला तर संकर फसला. हिरवा राहून त्यावर फळ फुगू लागलं तर साधला.

मार्च-एप्रिलमध्ये फळ नारिंगी झालं की काढा. आत दोन-चारपासून वीस-पंचवीसपर्यंत बिया, टणक आणि वेड्यावाकड्या कोनांच्या. त्या लगेच पेरायचा मोह होतो. पेरू नका. मेचं ऊन आणि पाठोपाठचा पाऊस यांत कोवळी रोपं टिकत नाहीत. बिया गर काढून, धुऊन, सावलीत सुकवून कागदाच्या पाकिटात फ्रिजमध्ये ठेवा. गुलाबाच्या बीला थंडीची झोप मिळाल्याखेरीज ती उगवायला तयार होत नाही, आणि ती झोप ओलीच हवी. म्हणून नारळी पौर्णिमेच्या सुमारास बिया ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून झाकणाच्या डबीत भरा आणि सहा ते आठ आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही. डबीवर मोठ्या अक्षरांत 'खायचे नाही' असं लिहिणं हा अनुभवाचा सल्ला आहे.

दसऱ्यानंतर ट्रेमध्ये कोकोपीट आणि थोडा परलाइट भरून बिया बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल पेरा. तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही उगवतील, काही पुढच्या वर्षी. निम्म्यासुद्धा उगवल्या तर खूश व्हा. पाणी वरून ओतू नका, ट्रे खालून भिजवा, नाहीतर रोपं जमिनीलगत काळी पडून माना टाकतात. तिसरं खरं पान आलं की सरबताच्या प्लास्टिकच्या ग्लासात, बुडाला भोक पाडून, एकेक रोप हलवा.

मग महिन्या-दोन महिन्यांत ती गंमत होते जिच्यासाठी हा सगळा उद्योग. अंगठ्याएवढं रोप, पाच-सहा पानं, आणि शेंड्यावर कळी. हे फूल जगात पहिल्यांदा फुलतंय आणि ते पाहणारे तुम्ही एकटेच आहात. त्या धुंदीत प्रत्येक रोप ठेवावंसं वाटतं. पहिल्या फुलात पाकळ्या कमीच असतात, त्यावरून कुणाला बाद करू नका. पण पानावर भुरी दिसली, फांदी लुळी निघाली, रंग कळीतच मळका असला, तर ते रोप उपटा. मला हे फार उशिरा जमलं. तिसऱ्या वर्षी गच्चीवर नव्वद ग्लास झाले होते आणि कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. तेव्हा घरातूनच निर्वाणीचा खलिता आला.

उरलेल्यांची पहिली थंडी गोड बोलण्याची. जानेवारीत सगळीच काळपट मखमली, सगळीच 'ब्लॅक जेड'ची धाकटी भावंडं. त्या महिन्यात काहीही ठरवू नका, नावं तर मुळीच ठेवू नका. पहिल्या एप्रिलमध्ये रोपं लहान असतात, त्यांना जाळीखाली सांभाळा आणि फक्त वहीत नोंदी करा. परीक्षा दुसऱ्या एप्रिलची. तोवर रोप सहा-आठ इंची कुंडीत असावं. जाळी काढा, कुंडी पश्चिमेच्या कठड्याजवळ ठेवा आणि एकेका फुलाचा पाच दिवस पाठपुरावा करा. उमललं त्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी पाकळी तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी तारीख. जांभळेपणा कागदावर लपत नाही. कडा करपल्या का, पाकळ्या किती भरल्या, दुसरा बहर किती दिवसांनी आला, हेही लिहा. फोटोवर विसंबू नका. मोबाइलचा कॅमेरा गडद लाल रंग हमखास खोटा दाखवतो, एकतर भडक करतो किंवा काळा डबरा.

परीक्षेत एखादं रोप टिकलं तर त्याच्या फांद्या लावा. जुलै-ऑगस्टमध्ये फूल नुकतंच झडलेली, उदबत्तीहून थोडी जाड फांदी, तीन-चार डोळ्यांची. खालची पानं काढा, टोकाला रूटिंग पावडर लावा, कोकोपीटमध्ये खोचा, वर प्लास्टिकची बाटली उलटी घाला आणि सावलीत ठेवा. महिन्याभरात मुळं येतात. निदान पाच रोपं करा आणि त्यातली दोन वेगळ्या हवेच्या गावी द्या. पुण्यातला लाल नागपुरात लाल राहतो का, महाबळेश्वरात किती काळा होतो, हे तिथेच कळेल. माझं एक रोप रत्नागिरीला बहिणीकडे आहे. रंग राहिला, पानं मात्र श्रावणात सगळी गळली. नोंदवहीत तेही लिहिलं आहे.

नाव ठेवण्याची घाई नको म्हटलं, पण वेळ आलीच तर गुलाबाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद अमेरिकन रोझ सोसायटीकडे होते. जगभरच्या व्यापारी वाणांना एक सांकेतिक नावही असतं. त्याची पहिली तीन अक्षरं सहसा संकर करणाऱ्याची. 'ब्लॅक जेड'चं सांकेतिक नाव 'बेनब्लॅक', त्यातला 'बेन' म्हणजे बेनार्डेला. दुकानात नाव बदललं तरी हे बदलत नाही.

माझ्याकडे सध्या परीक्षेला बसलेली तीन रोपं आहेत. क्रमांक ४ चा रंग अप्रतिम, पण तिसऱ्याच दिवशी वांग्यासारखा होतो. क्रमांक ९ करपत नाही, फक्त एप्रिलमध्ये त्याच्या पाकळ्या बारावर येतात. क्रमांक १७ ही हातगाडीवरच्या त्या शेंदरी फ्लोरिबंडाची आणि एका बिननावी काळपट मिनीची लेक. परवा बेचाळीस अंशाला तिचं पाचव्या दिवसाचं फूल तोडून कागदावर ठेवलं. एका पाकळीची कड किंचित करपली होती. बाकी लाल होतं. आणखी एक एप्रिल तिला तिथेच ठेवणार आहे.